टाचणीसाठी मी उलटा झालो

मित्रांनो, सध्या माझे चारही पाय जमिनीवर आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण मध्यंतरी बरेच दिवस ते हवेत होते आणि त्याच दिवसांची गोष्ट मला सांगायची आहे. मी एक जुने लाकडी स्टूल आहे, एका शिंप्याच्या घरातले. स्टुलाला बोलता येत नाही असे मोठी माणसे म्हणतात. म्हणू देत बापडी. त्यांनी कधी कान लावून पाहिलेला नाही.

एका सुताराने शाळेच्या मोडक्या दाराच्या लाकडातून मला घडवले. काम घाईचे होते, त्यामुळे माझा एक पाय किंचित आखूड राहिला. "वापरून वापरून होईल सारखा," असे सांगून सुताराने वेळ मारून नेली. तो पाय अजून सारखा झालेला नाही. पण लाकूड पक्के होते आणि जागाही चांगली मिळाली. एका नव्या शिंप्याच्या दुकानात, आरशासमोर मला ठेवले गेले.

इतर स्टुलांवर लोक बसतात, माझ्यावर मात्र लोक उभे राहत. पँटची उंची घ्यायची, फ्रॉकचा घेर सारखा करायचा, कोटाची बाही बघायची, म्हणजे गिऱ्हाइकाला माझ्यावर चढवले जाई. मग मास्तर, म्हणजे आमचे शिंपी, गुडघे टेकून खाली बसत. ओठांत टाचण्या धरलेल्या असल्याने ते दातांतून बोलत. "सरळ उभं राहा. खाली बघू नका, खाली बघितलं की कपडा वर चढतो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की माझ्या शिरांमध्ये ते मुरले असेल. तरी प्रत्येक गिऱ्हाईक खाली बघेच.

अशा रीतीने मला पायांची पारख आली. नव्या नोकरीसाठी कोट शिवायला आलेल्या तरुणाचे गुडघे लटपटत. लहान मुले उंच दिसावीत म्हणून हळूच चवड्यांवर उभी राहत आणि मास्तर त्यांच्या पोटरीला टिचकी मारून म्हणत, "टाचा खाली, साहेब." कोण खुशीत आहे आणि कोण मनातून खचला आहे, हे मला तळव्यांच्या वजनावरून कळे. चेहरा खोटे बोलू शकतो, तळवे तसे बोलत नाहीत.

संध्याकाळी दुकानात गर्दी नसली की मास्तरांची बायको माझ्यावर बसून काज करी. तिला सगळे काकू म्हणत. मी डुगडुगतो हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात आले. तिने कापडाचा एक तुकडा चौपदरी घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवला. तुकडा झिजला की ती न सांगता दुसरा ठेवी. आणि मास्तर? ते माझ्यावर कधीच बसले नाहीत. ते आपल्या मशीनमागच्या खुर्चीत. मी गिऱ्हाइकांचा, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांची लेक तर माझ्यावरच वाढली म्हणा ना. दर वर्षी तिला माझ्यावर उभी करायची, फ्रॉकची दुमड उसवायची आणि खाली सोडायची. शेवटची ती चढली तेव्हा मास्तरांनी तिच्यासाठी एक लांब कोट बेतला होता. तिला दूर नोकरी लागली होती. तिथे थंडी असते म्हणे. त्या दिवशी तिने एकदाही खाली पाहिले नाही. खाली पाहिले असते तर बाबांचे डोळे दिसले असते. कोट असा बसला की जिथे बघावे तिथे नेमका. तो घालूनच ती गेली.

त्यानंतर दिवस पालटले. लोक तयार कपडे घेऊ लागले. काकू आजारी पडली आणि गेली. दुकान बंद झाले, मशीन आणि कापायचे टेबल घराच्या पुढच्या खोलीत आले. पाठोपाठ मीही आलो. काम उरले ते चेन बदलायचे, नाहीतर उसवलेले शिवायचे. त्यासाठी कुणाला उभे करून माप घ्यावे लागत नाही. मला कोपऱ्यात सरकवले आणि माझ्यावर चिंध्यांचे गाठोडे आले. मित्रांनो, वजनाला माझी ना नाही. पण गाठोड्याला पाय नसतात. ते लटपटत नाही, हसत नाही, "झालं का, मास्तर?" म्हणून विचारत नाही. आखूड पायाखालची घडी कधीच निघून गेली होती आणि पंखा सुरू असला की मी गाठोड्यासकट एकटाच डुगडुगत बसे.

मास्तरांचीही गत वेगळी नव्हती. ते मशीनवर बसत, पण मशीन चालत नसे. आठवड्यातून एकदा लेकीचा फोन येई. "बाबा, कसे आहात?" "मजेत." "जेवलात?" "जेवलो." "काही हवंय का?" "छे! मला काय हवंय?" झाले. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ टेपपट्टी बोटाला गुंडाळत आणि सोडत.

अशात शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशींनी एक पिल्लू आणून दिले. त्यांच्याकडे कोंबड्यांचा गोतावळा होता. आईनेच त्या पिल्लाला चोच मारून हाकलले होते. "ठेवा हो मास्तर. नाहीतरी दिवसभर भिंतीशीच बोलता." मास्तर नको नको म्हणाले आणि पिल्लू दुरुस्तीला आलेल्या कोटाच्या बाहीत झोपलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी पिल्लू टाचण्या खोचायच्या छोट्या उशीतून एकेक टाचणी उपसून खाली टाकू लागले. मास्तरांनी टाचण्या डब्यात बंद करून टाकल्या, पण नाव पडले ते पडलेच: टाचणी.

टाचणी मोठी झाली. दिवसा ती मावशींच्या कोंबड्यांबरोबर अंगणात हुंदडे आणि संध्याकाळी उंबरा ओलांडून तुरुतुरु आत येई. तिची पावले मी कोपऱ्यातून ऐके. हलकी, घाईची, जराशी शिष्ट. ती एकदा तरी माझ्यावर चढेल असे मला वाटे, पण गाठोडे आडवे येई.

मग एका सकाळी ती पावले ऐकू आली नाहीत. टाचणी मशीनखाली बसली होती. उठायला गेली की पाय फाकत, पंखांनी जमीन रेटत ती जराशी सरके आणि कलंडे. बोटे आत मुडपलेली. मास्तरांनी तिला उचलून उभे केले, सोडले, ती बसली. पुन्हा उभे केले, पुन्हा बसली.

मावशी दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मास्तर, राग मानू नका. पण अशा कोंबडीचं लोक एकच करतात."

"मावशी, तुमच्या पोलक्याची बाही उसवली तर तुम्ही पोलकं चुलीत घालता?"

"पोलकं आणि कोंबडी एक का?"

"माझ्या घरी एकच. उसवलेलं शिवायचं." मास्तरांनी गळ्यातली टेपपट्टी काढली.

मित्रांनो, कित्येक महिन्यांत त्या टेपपट्टीने कुणाचे माप घेतले नव्हते. मास्तरांनी टाचणीची छाती मोजली, पंखांखालचा घेर मोजला, दोन पायांमधले अंतर मोजले. खडूने खुणा केल्या. मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "म्हण आपली न्हाव्याची होती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आता रिकामा शिंपी कोंबडीची मापं घेई!"

मास्तर कोपऱ्याकडे आले. गाठोडे उचलून बाजूला फेकले. माझ्या अंगावरची धूळ झटकली. मला वाटले, आले, माझे दिवस परत आले! आणि त्यांनी मला खिडकीजवळच्या कापायच्या टेबलावर नेऊन चक्क पालथे घातले. डोके खाली, पाय वर. माझ्या आजवरच्या इभ्रतीचे काय झाले असेल, तुम्हीच विचार करा.

पण लवकरच उलगडा झाला. मऊ फलालीनच्या कापडाची एक झोळी त्यांनी माझ्या चार पायांना बांधली. झोळीला दोन भोके, पाय खाली सोडायला. मागे आणखी एक भोक, ते कशासाठी हे सांगायला नको. टाचणीला त्यात बसवले आणि काय सांगू, झोळी तिला अशी बसली की कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. मास्तर दोन पावले मागे सरून मान तिरकी करून बघत राहिले. चांगला कोट झाला की ते असेच बघत.

त्या दिवसापासून खोलीत बोलणे सुरू झाले. टाचणी मास्तरांच्या तोंडासमोर, गिऱ्हाइकाच्या उंचीवर. ते तिला चमच्याने पाणी पाजत, दूधभाताचे घास चोचीपाशी नेत आणि बोलत. कोणत्या जाड्या माणसाची पँट भर लग्नात उसवली होती, काकू काज करताना कशी गुणगुणायची, लेक पहिल्यांदा चवड्यांवर कधी उभी राहिली. टाचणी मान वाकडी करून ऐके. लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आज आवाज छान वाटतोय. कोण आलंय?"

"गिऱ्हाईक आहे," मास्तर म्हणाले आणि टाचणीकडे बघून हसले.

खरे सांगतो, मलाही बरे वाटत होते. पण एक गोष्ट मला खटकत होती. माझी पोटाकडची बाजू आजवर कुणी पाहिलेली नव्हती. तिथे सुताराच्या पेन्सिलीची खूण आणि कुणा पोराने चिकटवलेला च्युइंगमचा वाळका गोळा, एवढेच. आता त्या बाजूच्या वर टाचणीचे पाय होते. पण ते टेकलेले नव्हते. माझे पोट आणि तिची नखे यांच्यात बोटभर जागा होती. मला पायांची पारख, आणि माझ्यावरचे हे पहिलेच गिऱ्हाईक असे, की ज्याचे वजन मला कळत नव्हते. ती माझ्या कुशीत होती आणि मला लागत नव्हती. हे सांगायचे कुणाला?

मावशींच्या शेळीला बघायला जनावरांची डॉक्टरीण आली, तेव्हा मावशींनीच तिला हाताला धरून आमच्याकडे आणले. आधी कोंबडी चुलीत घालायला निघालेल्या याच मावशी. डॉक्टरीणबाईंनी झोळीवरून बोट फिरवले.

"शिवण झकास आहे, काका. पण हिचे पाय कुठे टेकलेत?"

"टेकायला कशाला हवेत? आराम नको का तिला?"

"आराम थोडा वेळ. त्याच्यापुढे त्याला टांगून ठेवणं म्हणतात." तिने टाचणीची मांडी चाचपली. "हे बघा, हाताला मांस लागतंय का? पायांवर भार पडला नाही तर पाय काम विसरतात. खायला काय देता?"

"दूधभात. पहिल्यापासून तेच घालतो. आवडीनं खाते."

"नुसता भात? मग जोर कुठून येणार? पाय तिथूनच गेलेत बहुतेक." बाईंनी पाण्यात घालायचे थेंब दिले, कोंबड्यांचे तयार खाद्य सांगितले, हिरवा पाला सांगितला, उकडलेले अंडे कुस्करून द्यायला सांगितले. त्यावर मावशी किंचाळल्याच, "कोंबडीला अंडं? अगं बाई, काय कलियुग आलं!"

"आणि झोळी सैल करा," बाई म्हणाल्या. "पंजे खाली टेकले पाहिजेत. खाली खरखरीत गोणपाट घाला, म्हणजे घसरणार नाही. थोडा थोडा वेळच उभी करा, बाकी वेळ मऊ जागेत बसू द्या. रोज थोडी सैल, रोज थोडी सैल. शेवटी झोळी नुसती नावाला उरली पाहिजे."

"पूर्वीसारखी चालेल?"

"पूर्वीसारखी नाही सांगता येत. पण चालेल, असं वाटतं. आता सोडलं नाही, तर मात्र नाही चालणार."

बाई गेल्या. मास्तरांनी थेंब मोजून दिले, पाला चिरून दिला, गोणपाटाचा तुकडा कापून माझ्या पोटावर नीट अंथरला. सगळे केले, फक्त झोळीला हात लावला नाही. कात्री घेऊन गाठीपाशी येत, टाचणीकडे बघत आणि कात्री खाली ठेवत. "उद्या करू," म्हणत. दुसऱ्या दिवशीही तेच. इतकी नेमकी बसलेली शिवण उसवून ढगळ करायची, हे शिंप्याच्या हाताला जड जाते, असे मला आधी वाटले. पण कारण ते नव्हते. एका दुपारी ते स्वतःच टाचणीला म्हणाले, "तुझं काय, बरी झालीस की तूही जाशील. कोट शिवून दिला, ती गेली. आता तुला पाय देतो, तू जा."

ते ऐकून माझे लाकूड आतून पोकळ झाल्यासारखे वाटले. कारण माझ्याही मनात तेच होते. टाचणी चालू लागली की मी पुन्हा कोपऱ्यात आणि माझ्यावर पुन्हा गाठोडे. आम्ही दोघे, एक माणूस आणि एक स्टूल, एका कोंबडीला धरून बसलो होतो आणि त्याला सेवा म्हणत होतो.

त्याच संध्याकाळी मावशींनी अंगणात दाणे टाकले. "या गं, या या या!" कोंबड्या पंख फडफडवत धावल्या. टाचणीने खिडकीतून ते पाहिले. तिने मान ताणली आणि झोळीतल्या झोळीत ती पळू लागली. मित्रांनो, तुम्ही असे पळणे पाहिले नसेल. दोन्ही पाय हवेत मागेपुढे होत होते, बोटे काहीतरी पकडायला बघत होती, आणि खाली काहीच नव्हते. बोटभर खाली मी होतो. मला वर उचलून घेता आले असते तर! अंगणात दाणे संपले, कोंबड्या पांगल्या. टाचणी दमली, तिची मान झोळीच्या काठावर पडली.

मास्तर हातात अर्धवट काज घेऊन हे बघत होते. ते उठले. या वेळी "उद्या" म्हणाले नाहीत. कात्रीने त्यांनी पुढची गाठ कापली, मग मागची, आणि झोळी खाली सोडून पुन्हा बांधली.

टाचणीचे पंजे माझ्यावर टेकले. आधी नखे, मग मुडपलेली बोटे. गोणपाटातूनही ती टोचली. बाकीचा भार झोळीवर होता, त्यामुळे वजन किती, तर एका सफरचंदाएवढे असेल नसेल. पण मित्रांनो, माझ्यावर कितीतरी भारदस्त माणसे उभी राहिली, तेवढा भार मला कुणाचाच जाणवला नाही. तिचे पाय थरथरत होते. मास्तर सवयीने टेबलाशी गुडघ्यांवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सरळ उभी राहा. खाली बघू नकोस." ती खाली बघत होती. सगळीच बघतात.

पुढचे दिवस सोपे नव्हते. रोज झोळी सैल होई आणि रोज ती एखाद्या बाजूला कलंडे. एकदा तिने खाणे सोडले, तेव्हा मास्तर तिच्यापाशी बसून राहिले, मशीनला हातही लावला नाही. पण थेंब, पाला आणि अंडे यांनी हळूहळू काम केले. बोटे उघडू लागली. झोळीचा आकार मात्र पार गेला. मावशी म्हणाल्या, "मास्तर, इतक्या वर्षांत तुमच्या हातचं असं ढगळ काम मी पहिल्यांदा बघतेय." मास्तर म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदाच नीट जमलंय."

एके सकाळी त्यांनी तिला झोळीतून काढले आणि उंबऱ्यापाशी ठेवले. ती उभी राहिली. डावा पाय जरा बाहेर टाकत, लंगडत, थांबत, ती उंबऱ्यावर चढली आणि पलीकडे उतरली. मागे वळून पाहिले नाही. पाहावे असे काही तिला माहीतच नव्हते. अंगणातल्या कोंबड्यांत ती मिसळली आणि मास्तर दारात एकटे उरले.

मग ते आत आले. मास्तरांनी माझ्या पायांची झोळी सोडली, मला सरळ केले. माझे पाय जमिनीला लागले. कोपऱ्यात गाठोडे माझी वाटच बघत होते. मास्तरांनी गाठोड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मला उचलून बाहेर अंगणात नेले, झाडाच्या सावलीत. जमीन उंचसखल होती, मी डुगडुगलो. त्यांनी ती ढगळ झोळी चौपदरी घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवली. काकू करायची तश्शी. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मास्तर माझ्यावर बसले.

मला पायांचीच पारख, पण बसलेल्या माणसाचा भारही कळतो. फार थकलेला माणूस होता तो.

खिशातला फोन वाजला. "बाबा, कसे आहात? आज गिऱ्हाईक नाही वाटतं?"

"होतं. गेलं चालत." मग नेहमीचा "मजेत" यायला हवा होता. तो आला नाही. "पोरी, करमत नाही गं मला. येशील का एकदा? चार दिवस?"

पलीकडून लेकीचा आवाज आला, जरा ओला. "बाबा, मला वाटायचं तुम्हाला माझी गरजच नाही. तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं."

ती अजून आलेली नाही. रजा मिळायची आहे. टाचणी काही संध्याकाळी परत येते आणि माझ्या चार पायांच्या मधोमध, खाली, सावलीत बसते. काही संध्याकाळी येत नाही, मावशींच्या खुराड्यातच राहते. तेव्हा मास्तर माझ्यावर बसून अंधार पडेपर्यंत वाट बघतात, आणि मी त्यांच्याबरोबर.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अडखळत असेल, कोंबडी असो, भावंड असो, आजोबा असोत, त्याला जरूर धरा. पण तळवे जमिनीला लागू द्या. आणि कुणी चालत दूर गेले, तर रागावून दार लावू नका. एक स्टूल दाराबाहेर मांडा. माझ्यासारखे एखादे तुमच्याही कोपऱ्यात असेल, गाठोड्याखाली. डुगडुगत असेल, तर त्याच्या आखूड पायाखाली कापडाची एक घडी तेवढी ठेवा.